पोरगी मंदावली की घड्याळ बदललं?

शिरपूर तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी दहावीत, सतरा वर्षांखालच्या गटात १०० मीटर धावते. तालुक्याला १२.८ सेकंदांत पहिली, जिल्ह्याला १२.९ मध्ये पहिली. पेपरात फोटो आला, ‘विक्रमी वेळ’ असं छापून आलं. विभागीय स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक घड्याळ होतं. तिथे १३.३४ लागले, नंबर तिसरा; निकालपत्रावर वारा उणे १.१ असं लिहिलेलं. वडिलांनी मोबाइलवर शर्यत काढली होती आणि त्यात ती दुसरी दिसते. तो व्हिडिओ घेऊन ते फिनिशजवळच्या पंचांकडे गेले, तर पंचांनी पाहिलाही नाही. आता गावात कोणी म्हणतं पोरीचा दम संपला, कोणी म्हणतं पंचांनी खाल्लं. खरं काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

भाऊ, पोरगी मंदावलेली नाही, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून पंचांनी काही खाल्लेलंही दिसत नाही. पण तुम्हाला कोणी नीट समजावून सांगितलं नाही, हा दोष आम्हा पंचांचाच. म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी एकतीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो आणि जवळपास तितकीच वर्षं धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ॲथलेटिक्सचा पंच. सुरुवात मैदानावर फक्की मारण्यापासून झाली. मग टाइमकीपर, मग स्टार्टर, आणि शेवटची काही वर्षं फोटो फिनिशच्या, म्हणजे फिनिशच्या रेषेवरच्या कॅमेऱ्याच्या, ऑपरेटरशेजारची खुर्ची. १२.८ कसे निघतात ते मला ठाऊक आहे आणि १३.३४ कसे निघतात तेही.

आधी १२.८ घेऊ.

तालुक्याच्या स्पर्धा बहुतेक ठिकाणी एखाद्या हायस्कूलच्या मैदानावर होतात. पिस्तूल नसतं, लाकडी क्लॅपर असतो. स्टार्टर फळ्या आपटतो आणि १०० मीटरवर, फिनिशला उभा असलेला टाइमकीपर स्टॉपवॉचचं बटण दाबतो. नियम असा आहे की घड्याळ आवाजावर सुरू करायचं नाही, पिस्तुलाच्या धुरावर किंवा ठिणगीवर करायचं. कारण आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. १०० मीटर कापायला त्याला ०.२९ सेकंद लागतात. टाइमकीपरने कानावर विसंबून बटण दाबलं, तर मुलींना इशारा मिळून पाव सेकंदाहून जास्त वेळ गेलेला असतो आणि घड्याळ अजून शून्यावरच असतं. तेवढा वेळ धावणारीला फुकटात मिळतो. क्लॅपरला धूर नसतो. जाणता स्टार्टर हात डोक्यावर उंच धरतो, म्हणजे फळ्या मिटताना लांबून दिसाव्यात. पण दुपारच्या उन्हात, मध्ये चार पोरं आडवी जात असताना, तेवढ्या लांबून त्या फळ्या किती जणांना दिसणार? बहुतेक जण आवाजावरच बटण दाबतात. पहिली दोन-तीन वर्षं मीही तेच केलं. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट बोटाची. धूर दिसला तरी बोट हलायला वेळ लागतोच. फिनिशला मात्र धावपटू समोरून येताना दिसत असतो, त्यामुळे तिथे बोट वेळेवर पडतं, कधी जरा आधीच पडतं. सुरुवातीला उशीर आणि शेवटी नाही, म्हणून हाताची वेळ नेहमी खऱ्यापेक्षा कमी भरते. तुलना करायची झाली तर १०० आणि २०० मीटरला हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवायचे आणि ४०० मीटरला ०.१४, असा हिशेब जगभर चालतो.

आता तुमच्या मुलीची बेरीज करा. १२.८ मध्ये बोटाचे ०.२४ मिळवले की १३.०४. आवाजाचे ०.२९ मिळवले की १३.३३. विभागाला लागले १३.३४. प्रत्येकाचं बोट वेगळं असतं, त्यामुळे या बेरजेवर कोणी कोर्टात जाऊ नये. पण एवढं नक्की सांगतो की दोन्ही दिवशी पोरगी साधारण तेवढ्याच वेगाने पळाली आहे. किंबहुना विभागाला जास्त चांगली पळाली, कारण त्या दिवशी वारा समोरून होता.

वाऱ्याचं असं आहे. सरळ रेषेतल्या शर्यतीत पाठीमागून सेकंदाला दोन मीटरचा वारा असेल तर १०० मीटरला साधारण एक दशांश सेकंद फायदा होतो. म्हणून अधिक २.० पेक्षा जास्त वारा असला की विक्रम धरत नाहीत. समोरून आला, म्हणजे निकालपत्रावर उणे असला, की तोच वारा वेळ खातो. १०० मीटरला पिस्तूल उडाल्यापासून दहा सेकंद वारा मोजतात; यंत्र फिनिशपासून ५० मीटरवर, ट्रॅकच्या आतल्या बाजूला १.२२ मीटर उंचीवर ठेवलेलं असतं. तालुक्याला हे यंत्र नसतं. तिथे वारा म्हणजे झेंडा कुठे फडकतोय तेवढंच.

मैदानाचीही एक गोष्ट सांगतो. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात बुटाला चिकटते आणि ऑक्टोबरच्या उन्हात भेगाळते, हे सगळ्यांना माहीत आहे. अंतराकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. ट्रॅक स्टीलच्या टेपने मोजायला हवा. सकाळी घाईघाईत कापडी टेप ओढली आणि मध्ये झोळ पडला, की टेपवर १०० दिसतात आणि जमिनीवर कमी भरतात. एका ठिकाणी मला शंका आली म्हणून स्पर्धा संपल्यावर पुन्हा मोजायला लावलं, तर ९८ मीटर भरले. शाळकरी मुलगी शेवटी सेकंदाला आठ मीटरने येत असते. दोन मीटर म्हणजे पाव सेकंद झाला. त्या दिवशी तिथे धावलेल्या प्रत्येक पोराच्या प्रमाणपत्रावर तो पाव सेकंद चुकीचा आहे आणि आता तो कोणी दुरुस्त करू शकत नाही.

तुम्हाला वाटेल, मग हाताच्या घड्याळात सगळी मजाच मजा. तसंही नाही. हाताची वेळ लिहिताना शतांश टाकून देत नाहीत, वरच्या दशांशावर नेतात. घड्याळात १२.७१ आले तरी कागदावर १२.८ च लिहायचे. तीन घड्याळं असतील आणि दोन सारखी आली तर ती वेळ. तिन्ही वेगळी आली तर मधली. दोनच असतील आणि जुळत नसतील तर जास्तीची. लांब उडीत आणि गोळाफेकीत उलट. तिथे सेंटीमीटरचा तुकडा राहिला तर खालच्या पूर्ण सेंटीमीटरला धरतात. वेळ वर जाते, अंतर खाली येतं. शंका असेल तिथे खेळाडूला कमी द्यायचं, असा हा खेळ आहे. नवीन पंचांना हे निर्दय वाटतं. मला ते योग्य वाटतं, कारण कागदावर लिहिलेलं प्रत्येक सेंटीमीटर मग खात्रीचं असतं.

या दोन घड्याळांचा घोळ मोठमोठ्यांच्या बाबतीतही झालाय. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खा सिंग ४०० मीटरच्या फायनलमध्ये चौथे आले. हाताची वेळ ४५.६ आणि त्याच शर्यतीची विजेच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, घड्याळातली ४५.७३. माणूस एक, शर्यत एक, आकडे दोन. १९९८ मध्ये परमजीत सिंग यांनी कोलकात्यात याच अंतराला ४५.७० नोंदवले. आता ४५.६ शी ताडलं तर मिल्खांचा राष्ट्रीय विक्रम मोडला नाही, ४५.७३ शी ताडलं तर मोडला. यावर तेव्हा भरपूर वाद झाला. सारख्याची तुलना सारख्याशी करायची म्हटलं की वाद उरत नाही. विजेची वेळ विजेच्या वेळेशी ताडायची. ४०० मीटर आणि त्याखालच्या शर्यतींत १९७७ पासून जागतिक विक्रमासाठी फक्त विजेचीच वेळ धरतात, ती याचसाठी.

म्हणून पेपरातल्या ‘विक्रमी वेळ’बद्दल मला वाईट वाटलं. पोरीचं कौतुक झालं याचा आनंदच आहे. पण विक्रम कशाचा? तालुक्याचा? त्या स्पर्धेचा? मागच्या वर्षी किती होता, कोणत्या मैदानावर, कोणाच्या घड्याळात? यातलं काहीच बातमीत नसेल, तर तो शब्द तिच्या खांद्यावर उगाच ओझं ठेवतो. पुढे विभागाला १३.३४ लागले की लोक पहिल्या आकड्याकडे बोट दाखवतात आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलं.

आता व्हिडिओ.

तुम्ही कुठे उभे होतात ते लिहिलंय, ते बरं केलंत: फिनिशच्या पाच-सहा मीटर अलीकडे, ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला. मुलगी सातव्या लेनमध्ये होती, म्हणजे तुमच्या जवळच्या बाजूला. जिला दुसरी दिलं ती तिसऱ्या लेनमध्ये. रेषेच्या अलीकडे उभं राहून तिरकं पाहिलं की जवळच्या लेनमधली नेहमी पुढे दिसते आणि लांबची मागे. रेषेच्या पलीकडे जाऊन उभे राहिला असतात तर उलटं दिसलं असतं. खात्री करायची तर अंगणात दोन खुर्च्या एका ओळीत, आठ-दहा फुटांचं अंतर ठेवून मांडा आणि ओळीच्या अलीकडून-पलीकडून मोबाइलमध्ये बघा. एकदा केलंत की कधी विसरणार नाही. म्हणूनच फोटो फिनिशचा कॅमेरा बरोबर रेषेच्या नाकासमोर आणि उंचावर बसवतात.

शिवाय मोबाइल सेकंदाला साधारण तीस चित्रं घेतो. दोन चित्रांच्या मध्ये तुमची मुलगी पाव मीटरहून जास्त पुढे सरकते. दुसरीची वेळ १३.३२, तुमच्या मुलीची १३.३४, म्हणजे दोघींमध्ये फरक सोळा-सतरा सेंटीमीटरचा, वीतभरही नाही. हा फरक मोबाइलच्या दोन चित्रांच्या फटीत हरवून जातो. फोटो फिनिशचा कॅमेरा फक्त रेषेवरची एक चिंचोळी फट पुन्हा पुन्हा टिपतो. चांगली यंत्रं सेकंदाला हजार आणि त्याहून जास्त वेळा टिपतात. त्या पट्ट्या शेजारी शेजारी लावून जे चित्र तयार होतं त्यात आडवी बाजू म्हणजे वेळ असते. त्यावर आम्ही उभी रेघ सरकवत नेतो आणि प्रत्येकीच्या धडाला टेकवतो.

धडाला, हे महत्त्वाचं. डोकं, मान, हात, पाय यांतलं काहीही आधी पोचलं तरी मोजत नाहीत. तुमच्या व्हिडिओत तिचा उजवा हात पुढे आहे असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक मुली शेवटी हात पुढे टाकतात, खो-खोची सवय. हात पुढे गेला की खांदा वळतो आणि छाती मागे राहते. तिच्या सरांना सांगा, शेवटच्या दोन पावलांत छाती पुढे टाकायचा सराव घ्या, हात मागे. सोळा सेंटीमीटर तिथेच मिळतील.

त्या पंचांनी व्हिडिओ पाहिला नाही, यावर मात्र मी तुमच्या बाजूने थोडा आणि त्यांच्या बाजूने थोडा आहे. फिनिशवरच्या पंचाने कुंपणावरून वाकलेल्या पालकाचा मोबाइल बघून निकाल बदलायचा नसतो. पुढची हीट लागलेली असते, आणि एकाचा पाहिला की दहा मोबाइल पुढे येतात. पण ‘तक्रार कुठे करायची’ एवढं सांगायला पाच सेकंद लागतात. ते सांगायला हवं होतं. मी सांगतो. निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून तीस मिनिटांच्या आत खेळाडूने स्वतः किंवा तिच्या वतीने संघव्यवस्थापकाने रेफरीकडे तोंडी तक्रार करायची. रेफरीचा निर्णय पटला नाही तर अपील जूरीकडे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या समितीकडे, लेखी अर्ज, ठरलेली फी भरून. अपील मान्य झालं तर फी परत मिळते. रेफरीला वाटलं तर तो कोणताही व्हिडिओ पाहू शकतो, पण फिनिशच्या क्रमासाठी फोटो फिनिशचं चित्र समोर असताना दुसरं काही टिकत नाही. ते चित्र दाखवा अशी विनंती व्यवस्थापकाने करायची. मी त्या खुर्चीवर असताना ज्याने मागितलं त्याला दाखवलं. एकदा चाळीसगावकडचे एक आप्पा तावातावाने आले, ‘‘सर, मनी पोर पहिली उनी ना!’’ त्यांना स्क्रीनसमोर बसवलं, रेघ कुठे टेकते ते दाखवलं. पोर दुसरीच होती. आप्पांनी दोन मिनिटं पाहिलं, पोरीला आत बोलावून तिलाही दाखवलं आणि निघून गेले. वाद संपला.

हाताच्या घड्याळाच्या स्पर्धेत आणखी एक गोंधळ होतो, तोही सांगून टाकतो. तिथे क्रम टाइमकीपर ठरवत नाहीत, फिनिशवरचे वेगळे पंच ठरवतात. त्यामुळे कधी कधी दुसरीची वेळ पहिलीएवढीच लागते, क्वचित कमीही लागते. लोकांना वाटतं चोरी झाली. झालेलं एवढंच असतं की दोन माणसांची बोटं वेगवेगळी पडली. क्रम डोळ्यांनी ठरलेला असतो आणि तोच खरा धरतात.

आणि कुंपणावरून ‘एक चान्स द्या, लहान पोर आहे’ असा जो ओरडा होतो, त्याबद्दल मी जुना स्टार्टर म्हणून बोलतो. पूर्वी इशाऱ्याआधी निघण्याच्या पहिल्या चुकीला माफी होती. २०१० पासून १०० मीटरसारख्या शर्यतीत पहिल्याच फॉल्स स्टार्टला बाहेर. २०११ च्या जागतिक स्पर्धेत उसेन बोल्टही असाच बाहेर गेला. पोराला लाल-काळं कार्ड दाखवताना स्टार्टरच्या पोटात कालवतं. पण त्याला आत घेतलं तर शांत उभ्या राहिलेल्या बाकी सात जणांवर अन्याय होतो, आणि त्यांच्यासाठी कुंपणावरून कोणी ओरडत नाही.

हे सगळं वाचून पंच कधी चुकतच नाहीत असं वाटायला नको. माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. गाव आणि साल सांगत नाही. मुलींची ३००० मीटर, मैदान २०० मीटरचं, म्हणजे पंधरा फेऱ्या. फेऱ्या मोजणं आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजवणं माझ्याकडे. वीसएक मुली होत्या. सातव्या-आठव्या फेरीनंतर पुढच्या मुली मागच्यांना गाठून ओलांडायला लागल्या आणि सगळ्या एकमेकींत मिसळल्या. पुढे होती ती सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेची पोर, अनवाणी, बाकीच्यांच्या निम्मी फेरी पुढे. तिच्या तेरा फेऱ्या झाल्या होत्या. मी चौदा मोजल्या आणि घंटा वाजवली.

पोर जीव खाऊन पळाली. २०० मीटर संपवून रेषा ओलांडली आणि गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली. शेजारच्या शिक्षकांकडे वेगळा कागद होता. ते ओरडले, एक फेरी बाकी आहे. ती उठली, पुन्हा पळायला लागली, पण पायांत काही उरलं नव्हतं. दोघी तिला ओलांडून गेल्या. तिसरी आली. रेफरींनी विचारलं, मी सांगितलं की चूक माझी आहे. शर्यत पुन्हा घेता आली असती, पण संध्याकाळ झाली होती, तिच्या सरांना गाडी गाठायची होती, आणि ३००० मीटर धावलेल्या पोरीला त्याच दिवशी पुन्हा धावायला सांगणार कसं? क्रम तसाच राहिला. ती पोर मला काही बोलली नाही. सरांच्या मागे मागे चालत गेली.

तेव्हापासून १५०० मीटरच्या वरची कोणतीही शर्यत असली की मी प्रत्येक फेरी-पंचाला चारच धावपटू देतो, आणि प्रत्येक वेळी रेषा ओलांडताना चेस्ट नंबरसमोर घड्याळातली वेळ लिहायला लावतो. वेळ लिहिली की चुकलेली फेरी लगेच दिसते, कारण एका फेरीला पन्नास सेकंद लागत असताना मध्येच शंभर येतात. नियमात ही पद्धत आधीपासून होती. मी ती पाळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेपरात त्या शर्यतीबद्दल एकच ओळ होती: पहिलीचं नाव आणि शाळा. चौदा फेऱ्या ती पोर पुढे होती, हे कुठेच छापलं गेलं नाही. एखादा वार्ताहर मैदानात उभा असता आणि त्याने विचारलं असतं की ती मध्येच का बसली, तर मी त्याला सगळं सांगितलं असतं आणि छापायलाही सांगितलं असतं. धडगाव, अक्कलकुवा, चोपडा, यावल या डोंगरपट्ट्यातल्या किती पोरी अशा एका ओळीच्याही बाहेर राहिल्या असतील. नंदुरबार जिल्ह्यातला किसन तडवी लांब पल्ल्यात राष्ट्रीय पातळीवर पोचला, तेव्हा कुठे या पट्ट्याकडे लोकांनी वळून पाहिलं.

वार्ताहरांच्या अडचणी मला माहीत आहेत. संध्याकाळी सहाला हाताने लिहिलेला निकाल मिळतो, नावं वाचता येत नाहीत, सातला पान लागतं, आणि वरून उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची यादी छापावीच लागते. यातला पहिला अर्धा भाग आमच्या हातात आहे. प्रत्येक फायनल संपली की निकालपत्राचा फोटो वार्ताहरांच्या ग्रुपवर टाकायचा, नावं सुवाच्य अक्षरांत, शाळेसह. मी हे सुरू केलं तेव्हा दोन वार्ताहर तर दुसऱ्या वर्षीपासून स्वतःच विचारू लागले, ‘‘सर, ही हाताची की विजेची?’’ एवढ्या एका प्रश्नाने बातमी बदलते. ‘१३.३४ (इलेक्ट्रॉनिक, वारा उणे १.१)’ छापायला पाहुण्यांच्या एका नावाएवढीच जागा लागते.

‘तालुक्याची पी. टी. उषा’ असं मथळ्यात लिहिणाऱ्यांना मी नेहमी एक सांगतो. उषाताई १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर हर्डल्समध्ये ५५.४२ सेकंद धावल्या, तिसरी आलेली ५५.४१. एका शतांशाने पदक गेलं. अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंद धावला आणि ०.०५ ने सुवर्ण हुकलं. आकडा काढून टाकला तर या दोन्ही शर्यतींत सांगण्यासारखं काय उरतं? मग आपल्या तालुक्यातल्या पोरीच्या बातमीतून आकडा का गाळायचा, किंवा फुगवून का द्यायचा?

मैदानी बाबींचे, म्हणजे उड्या आणि फेकींचे, हाल तर याहून वाईट. टीव्हीवरही लांब उडी म्हणजे शेवटची एक उडी आणि हसरा चेहरा. सहा उड्यांत कोणती फाउल, कोणत्या उडीला कोण पुढे गेलं, यातच सगळी चुरस असते. शिवाय नोव्हेंबर २०२१ पासून नियम बदलला आहे. उडी घेताना, जमीन सोडण्याआधी, पाय टेक-ऑफच्या रेषेला टेकला नाही, बुटाचं टोक नुसतं हवेत रेषेच्या पुढे गेलं, तरी फाउल. लोक अजून पट्टीवर ठसा शोधतात आणि पंचावर ओरडतात. जिथे निवेदक माइकवरून प्रत्येक लाल झेंड्याचं कारण एका वाक्यात सांगतो, तिथे ओरडा होत नाही, हे मी पाहिलंय.

आता तुमच्यासाठी. शंभर पानी वही घ्या आणि ती मुलीच्या नावाने करा. प्रत्येक शर्यतीला एक ओळ: तारीख, मैदान, माती की सिंथेटिक, हीट की फायनल, लेन, वेळ, हाताची की विजेची, वारा मोजला असेल तर किती. तालुक्याचे १२.८ आणि जिल्ह्याचे १२.९ खोडू नका, त्यांच्यापुढे ‘हात’ लिहा. पुढच्या स्पर्धेत स्वतः घड्याळ लावायचं असेल तर फिनिशच्या सरळ रेषेत, जमलं तर दोन-तीन पायऱ्या वर उभे राहा, डोळे पिस्तुलावर ठेवा, कान विसरा. धूर दिसला की दाबा, आणि शेवटी तिची छाती रेषेवर आली की दाबा, हात पाहू नका. पहिले काही आकडे वेडेवाकडे येतील. दहा-बारा शर्यतींनंतर इलेक्ट्रॉनिक निकालाशी ताडून पाहिलंत, तर तुमचं बोट साधारण किती चुकतं ते कळेल, आणि मग सरावातही तुमच्या घड्याळावर तिला विश्वास ठेवता येईल.

वहीच्या पहिल्या पानावर १३.३४ लिहा. पुढे ‘वारा उणे १.१’ लिहायला विसरू नका.